दात दाखवणं आणि हसणं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं त्र्याहत्तर, धंद्याने कवळ्या करणारी, आता निवृत्त, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावं हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी आजचा वार विचारला. मी तो बरोबर सांगितला, आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात गेलं आहे हेही सांगितलं. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट लेक म्हणत होती, इतक्यात कशाला. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असं माझं राहतं घर स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावं. तिने राहावं, भाड्याने द्यावं की विकावं हा सर्वस्वी तिचा प्रश्न, इतर कोणी त्यात बोलू नये. ती चौदा वर्षांची असताना जिवलग मैत्रीण गाव सोडून गेली म्हणून रडत घरी आली होती. मी लगेच काहीतरी गंमत करून तिला हसवायला गेले. ती म्हणाली, "आई, आधी मला रडू दे ना." मला तेव्हा राग आला होता. पण त्यानंतर मी आधी पाण्याचा पेला पुढे करायला आणि विनोद मागे ठेवायला शिकले, निदान तिच्यापुरतं तरी. याबद्दल तिचे आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानते.

कलम दोन. माझ्या यजमानांचा जाड लोकरी कोट जावयांना द्यावा. बाह्या आखूड होतील, सोडवून घ्याव्यात. यजमान टपाल कचेरीत पत्रं लावण्याच्या कामावर होते आणि घरीही तोलूनमापून बोलत. त्यांना पक्षाघात झाला तेव्हा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, या कोण? ते सावकाश म्हणाले, "माझी पहिली बायको." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, दुसरी कुठे असते? मी सांगितलं, दुसरी नाहीच, माणूस ठिकाणावर आहे, तुमच्या कागदावर तसं लिहा. मग जिन्यात जाऊन पोटभर रडले. त्यानंतर ते चार वर्षं जगले. उजवा हात परत आला नाही, पण खोड शाबूत राहिली. त्या चार वर्षांबद्दल मी कोणाचे आभार मानू ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कलम तीन. माझी सगळी हत्यारं, म्हणजे मेण कापायच्या सुऱ्या, घासायचं यंत्र, वरचा-खालचा जबडा जुळवून पाहायची लोखंडी चौकट आणि दातांच्या रंगांचे नमुने, माझ्याकडे सतरा वर्षं काम केलेल्या कारागीर बाईंना द्यावीत. मी त्यांना मुकादम म्हणते, कारण हाताखाली त्या होत्या आणि हुकूम त्यांचा चाले. माझा विनोद पडला की त्या मान वर न करता विचारत, "झालं?" आणि काम पुढे चालू. गिऱ्हाइकं हसत, कारण त्यांना कवळी वेळेवर हवी असे. मुकादम हसल्या तरच मी तो विनोद चांगल्यात धरत असे. सतरा वर्षांत असे नऊ झाले.

कलम चार. शेजारच्या मास्तरांकडे माझी शिडी आहे. त्यांनी ती न विचारता नेली आणि विचारूनही परत केली नाही. ती आता कायदेशीररीत्या त्यांची समजावी. त्यांना प्रत्येक विनोद समजावून सांगायची सवय आहे, मी केलेला विनोद मलासुद्धा. या गोष्टीचा मी बरीच वर्षं राग धरला. पण यजमान गेल्यानंतर महिनाभर रोज सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन येत आणि त्यातले चुटके मला वाचून दाखवत, अर्थासकट. एकही चुटका धड नव्हता. महिनाभर मी उठून, केस विंचरून दार उघडलं ते केवळ त्यांच्यामुळे. राग मागे घेते.

कलम पाच. बँकेतली ठेव निम्मी लेकीला आणि निम्मी माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. तिला आम्ही धाकटी म्हणतो. इथे सविस्तर लिहिणं भाग आहे.

धाकटी लहानपणापासून बोलताना अडते. ती सव्वीस वर्षांची असताना तिचा होणारा नवरा पहिल्यांदा आमच्या माहेरी जेवायला आला. तिने त्याला पाणी हवंय का विचारलं, आणि तो शब्द तिच्या तोंडून यायला वेळ लागला. तो शांतपणे वाट बघत होता. मी मध्येच म्हणाले, "आणि ब-ब-बशी?" सगळे हसले. तोही हसला. धाकटीही हसली. घरी जाताना यजमान म्हणाले, "ती हसली नाही." मी म्हटलं, हसली की, मी पाहिलं. ते म्हणाले, "दात दाखवले तिने. तू दिवसभर दातच करतेस, तुला फरक कळायला हवा."

त्यानंतर बावीस वर्षं धाकटी माझ्यासमोर बोलली नाही. भांडली नाही. माझ्या बाळंतपणात उशाशी बसली, आईच्या आजारपणात पाळ्या वाटून घेतल्या, पण मान हलवायची, नाहीतर चिठ्ठी लिहायची. फोन तिने उचलला तर नवऱ्याच्या हातात द्यायची. मी दोघींचं मिळून बोलत असे, त्यामुळे पाहुण्यांच्या लक्षातही येत नसे. प्रत्येक भेटीत नवा विनोद करून मी तो जुना झाकायला बघायची.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हिरड्यांच्या दुखण्याने तिचे दात गेले आणि कवळी माझ्याकडेच करायची असं तिने चिठ्ठीत लिहून कळवलं. दातांच्या डॉक्टरांनी माप घेण्यासाठी तिच्या तोंडात लगदा भरलेला साचा बसवला, चार मिनिटं हलू नका म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, "धाकटे, त्या दिवशी मी चुकले. तो जसा तुझ्या शब्दासाठी थांबला होता, तसं मला कोणी थांबून ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी ते केलं." विनोद सुचला होता, तो गिळला. ती छताकडे बघत राहिली. कानाशी पाणी ओघळलं ते मी पुसलं.

डॉक्टरांनी साचा काढला. तिने चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "बावीस वर्षं वाट बघितली मी. आणि तू बोललीस ते माझ्या तोंडात सिमेंट असताना." मग पुन्हा म्हणाली, "आणि ताई, मी 'ब'वर अडत नाही. मी प- प- 'प'वर अडते. नक्कल तरी नीट करायचीस."

आम्ही इतक्या हसलो की डॉक्टर माप बिघडलं का ते बघायला धावत आले. त्या दिवसापासून गेली वीस वर्षं ती मला रोज फोन करते आणि मला बोलू देत नाही. माझ्या पदरात पडलेल्या सगळ्या मिळकतीत ही सर्वांत मोठी आहे, पण ती मला कोणाला देता येत नाही.

कलम सहा. माझ्या पश्चात घरची माणसं एकत्र बसतील तेव्हा माझ्याबद्दल फक्त धाकटीने बोलावं. ती विनोद करणार आहे, तशी तिने मला धमकी दिली आहे. तिचा शब्द अडला तर कोणीही तो पुरा करून देऊ नये, खाली बघू नये, खोकू नये. लागेल तितका वेळ सर्वांनी तिच्याकडे बघत थांबावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी लेकीने करावी. वरील मजकूर वाचून, समजून आणि एकदा स्वतःशीच हसून सही केली.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा.

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्यासमक्ष सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.
साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: तळमजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)