पेटला की पेटवला

९ एप्रिल
उन्हानं या वहीचा पुठ्ठासुद्धा वाकला. वीज सकाळपासून येऊन-जाऊन. येण्यापेक्षा जाण्यात नियमित.
दुपारी मुखेडच्या बसस्टँडवरून खैरवाडीच्या माळावर धूर दिसला. पाठशाळेतल्या तर्काच्या पहिल्या धड्यातलं उदाहरण: डोंगरावर धूर, सबब डोंगरावर आग. आग कुणाची, हे गुरुजींनी कधी विचारलं नाही.
दिगंबरचा फोन. खैरवाडीत चहाचं हॉटेल चालवतो. बिनपगारी माझा तिथला बातमीदार. "सर, मस्तानचाचाचा धुरा पेटला! वारं लई हाय. माळ गेला, कडबा बी गेला." कट.
धुरा म्हणजे शेताचा बांध. उन्हाळ्यात निम्मा तालुका धुऱ्यावरचं वाळकं गवत जाळतो. त्यामुळे वेगळं काही विचारायचं सुचलं नाही. जायला हवं होतं. ऊन फार होतं. पाच ओळी केल्या, नांदेडला पेपरच्या डेस्कवर धाडल्या.

१० एप्रिल
पान पाच. 'नालबंदाने धुरा पेटवला; माळरानासह कडब्याच्या गंज्या खाक.' नाव दिलेलं नाही. पत्रकारितेची नीती सांभाळली. खैरवाडीत बैलांना नाल मारणारा नालबंद एकच, मस्तानचाचा.
दिगंबर फोनवर: "सर, म्या पेटला म्हणलो हुतो."
"मग छापलंय काय?"
"पेटवला."
एक 'व'. नांदेडच्या डेस्कवर फोन करून भरपूर सुनावलं. भाषेची जाण, हल्लीची पोरं वगैरे. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी.

१२ एप्रिल
पहिल्या एसटीनं खैरवाडी. माळ काळा, पार खालच्या नाल्यापर्यंत. अजून गरम. चपलेतून कळतं. एक टिटवी त्याच त्या जागेवर घिरट्या घालून राहिली होती. अंडी असावीत. होती असावीत.
मस्तानचाचा घरासमोर. दोन्ही पंजांना फडकी. बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारे हात. लिंबाचा पाल्यासकट डगळा घेऊन आग झोडपायला सगळ्यांत आधी हाच धावला. म्हणून सगळ्यांनी सगळ्यांत आधी तिथं ह्यालाच पाहिला.
"आवो पंडत! या, बसा. पोरीनं पेपर वाचून दावला."
"चाचा, ती चूक डेस्कवर..."
"धुरा म्या पेटवला म्हणता, तर काडी बी तुमीच दिली असंल मला. मी बिडी सोडून दोन सालं झाली, घरात काडीपेटी चुलीपाशीच ऱ्हाती."
मग हसला. मला हसता येईना.
आग कुठून आली? "वरून. तारा घासल्या असतील, नाहीतर रस्त्यानं जाणाऱ्यानं थोटूक फेकलं असंल. देखा नहीं तो कैसे बोलू?"
न पाहिलेलं बोलायचं नाही. हा नियम त्याला कुणी शिकवला कोण जाणे. मला तरी शिकवायला बारा वर्षं पाठशाळा होती.

१३ एप्रिल
सौ. चष्मा शोधून राहिली होती, माझा फोन हाताला लागला. "अहो, तुम्ही त्या पोरांना एवढे बोललात. पण हा निरोप तर तुमचाच आहे."
माझाच. पाच ओळी. तिसऱ्या शब्दाला 'पेटवला'. डेस्कनं एक वेलांटीही हलवली नव्हती.
पेटणे अकर्मक. पेटवणे प्रयोजक. प्रयोजकाला करणारा लागतो. तो मी बसल्या जागी पुरवला.
डेस्कला पुन्हा फोन. यावेळी आवाज खाली. खुलासा छापा म्हणालो. "सर, एका अक्षराचा खुलासा कुठं छापतात?"

१७ एप्रिल
बाजार. मुखेडला मस्तानचाचा नेहमीच्या लिंबाखाली. पत्र्या, खिळे, हातोडी, बैल पाडायचा दोर, सगळं मांडलेलं. फडकी सुटली, हात चालतात. बैल एकही नाही. मशागतीच्या दिवसांत इथं रांग असते. लोक नायगावहून आलेल्या दुसऱ्या नालबंदाकडे चाललेत. खैरवाडीचे विठ्ठलराव बैल ओढत समोरून गेले. त्यांची आख्खी गंजी जळाली. बैल मागच्या उजव्या पायानं लंगडतो, तरी ओढत गेले. जाताना म्हणाले, "वैरण जाळून झाली, आता खूर राहिलेत व्हय?"
मस्तानचाचा खिळे निवडत बसला. बापजाद्यांपासून ह्याच गावांच्या बैलांना पत्र्या मारतो.
मला म्हणाला, "पंडत, तुमच्या पायाला मारू का? तेवढाच धंदा. लई फिरता हल्ली."

१९ एप्रिल
खुलासा आला! राशिभविष्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
'खैरवाडी येथील वृत्तात धुरा "पेटवला" असे प्रसिद्ध झाले आहे. ते "पेटवला" असे वाचावे.'
तीनदा वाचलं. सौ.नं एकदा वाचलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.
डेस्क म्हणतं, मोबाइल आपोआप दुरुस्त करतो, सर. पुन्हा छापता येणार नाही, लोक हसतील.

२४ एप्रिल
चार वाजता आभाळ फिरलं. गारा. लिंबाएवढ्या, खोटं नाही, मोजपट्टी लावून फोटो काढला (आताशा मी फोटो काढतो). आंबा झोपला. खैरवाडीत पत्रे उडाले, त्यात मस्तानचाचाच्या गोठ्याचे दोन.
बातमी केली: 'गारपीट झाली.' कुणी केली, असं ना डेस्कनं विचारलं, ना गावानं. आभाळाला 'झाली' चालतं. आगीला चालत नाही. आगीच्या मागं माणूसच लागतो.

२ मे
तलाठी पंचनाम्याला खैरवाडीत. कळलं की कागदाला माझ्या बातमीचं कात्रण टाचलंय. कात्रण राहिलं तर माळाची वनजमीन जाळल्याचा गुन्हा मस्तानचाचावर. गेलो.
पारावर सगळे. उभा राहून सांगितलं: मी पाहिलं नव्हतं. मला 'पेटला' सांगितलं, मी 'पेटवला' लिहिलं. चूक माझी, डेस्कची नाही, दिगंबरची नाही.
विठ्ठलराव म्हणाले, "पंडत, खोटं जिल्ह्याला सांगितलं, आन् खरं नुसतं पाराला?"
वाक्य वहीत उतरवून घेतलं.
तलाठी बरा माणूस. "मग लावली कुणी?"
"माहीत नाही."
"सर, ह्या रकान्यात कारण लिहावं लागतं. 'माहीत नाही' चालत नाही."
मस्तानचाचा मागच्या पायरीवरून: "मग लिहा ना, मस्तानला बी माहीत न्हाई. दोघांची सही घ्या."
दोनचार हसले. विठ्ठलराव हसले नाहीत. पण वळून बघितलं. मी लेखी जबाब दिला. कात्रण निघालं नाही. जबाब त्यालाच टाचला. आता वरचे साहेब काय ते ठरवतील.

११ मे
काही नाही. टँकर एक दिवसाआड. डेस्कला तिसरं पत्र, खुलाशाच्या खुलाशासाठी. बसवत नाही, झोपवत नाही, लिहवत नाही. तिन्ही धातू तब्येत दाखवतात.
रस्त्याला बैल दिसला की पायाकडे बघतो. सौ. म्हणते, "देवळात जाता तेव्हा नंदीचे पाय बघू नका म्हणजे झालं."

२२ मे
साहेबांकडून निकाल नाही.
बाजारात मस्तानचाचाकडे एक बैल. धावत गेलो. दूर देगलूरकडचा माणूस, पेपर न वाचणारा. चाचा म्हणाला, "पंडत, तोंड पाडू नका. अनपढ लोकांवर घर चालू हाय माझं."

२९ मे
बाजार. हे लिहितोय टेम्पोच्या फळीवर बसून, वही गुडघ्यावर.
अकराच्या सुमारास कुणीतरी ओरडलं. खैरवाडीच्या माळावर धूर. नाल्यापलीकडच्या, न जळालेल्या अर्ध्या अंगाला. सगळ्या बाजाराची मान तिकडे, आणि मग, मी स्वतः पाहिलं, लिंबाकडे.
लिंबाखाली मस्तानचाचा. हातात हातोडी. सकाळी सातपासून तिथंच.
"बघून घ्या," तो म्हणाला, "पंडत, तुमी बी बघा. हितंच हाय मी."
विठ्ठलराव दहा पावलांवर, लंगडा बैल धरून. नायगाववाला आज आलेला नाही. विठ्ठलरावांची पोरं, सून गावात. त्यांनी धुराकडे बघितलं, चाचाकडे बघितलं. मग सरळ येऊन दोर त्याच्या हातात दिला.
"धर."
आणि टेम्पोकडे पळाले.
नुसतं 'धर'. आज्ञार्थ, एकवचन. 'पत्री मार' म्हणाले नाहीत. 'सांभाळ' म्हणाले नाहीत. चाचा दोर धरून उभा आहे. बैलाचा उजवा पाय उचलून बघितला, परत खाली ठेवला. माझ्याकडे बघतो आहे, जणू ह्याचा अर्थ मी सांगणार.
टेम्पोवाला मागं पाण्याची टाकी भरून घेतोय. विठ्ठलराव फळीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे न बघता.
डेस्कचा फोन: "सर, खैरवाडीत परत आग म्हणे. दोन ओळी द्या. पेटला की पेटवला?"
"धूर दिसतो, एवढंच लिही."
"बस? क्रियापद?"
"दिसतो. क्रियापदच आहे ते."
टाकी भरली. निघतो आहोत.