पहिल्या नकोला माघारी फिरणारी माणसं

चि. अनुजास,

आजीचे आशीर्वाद. पोस्टाने येताना ते थोडे चुरगळतील, हाताने सरळ करून घे. इकडे सगळं ठीक. म्हणजे तुझ्या बापाचा दमा, गायीचा पाय आणि विहिरीचा पंप हे तिन्ही जसे होते तसेच आहेत. तुझी पाठ कशी आहे? खुर्चीवर बसून पाठ दुखते हे मला अजून समजलेलं नाही. आमचीही दुखायची, पण दिवसभर वाकून मागे वळून बघितलं तर लावलेलं भात तरी दिसायचं. तुला मागे काय दिसतं, भिंत? असो. ओवा आणि मीठ तव्यावर गरम करून पुरचुंडीने शेक. पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवते आहे. फोनवर बोलायला लागले की तुझी आई भांडी घासायची थांबते.

तू मे महिन्यात टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून गेलीस आणि म्हणालीस, आजी, मी यात माणसांची मंडळं बनवते, पण लोक नाराज आहेत, आत शिरतात आणि कंटाळतात, गणपतीनंतर साहेबाला सुधारून दाखवायची आहेत, तू खेळून बघ. (तू त्याला फॅक्शन म्हणतेस. जिथे चार माणसं एकत्र येऊन पाचव्याबद्दल बोलतात त्याला आम्ही मंडळच म्हणतो.) तेव्हा मला वेळ नव्हता. आता आहे, कारण मी फुगडी सोडली. तुझ्या आईने ही बातमी तुला दिली असेलच, पण तिने सांगितलं तसं झालेलं नाही. शर्मिला आता आपल्या वाडीच्या फुगडीची मुख्य झाली आहे. पोरगी हुशार, पाय हलका, माझं काही म्हणणं नाही. पण तिने ठरवलं की गाणी आता स्पीकरवर लावायची, म्हणजे नाचणाऱ्यांना धाप लागत नाही, आणि मला नि माझ्या बरोबरीच्या तुळसाला ‘मार्गदर्शक’ करायचं. मार्गदर्शक म्हणजे काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. जिला नाचू द्यायचं नाही आणि घरी पाठवायला भीती वाटते, तिला देतात ती प्लास्टिकची खुर्ची. तुळसा बसली, आणि बसल्या बसल्या पायाने ताल धरते. मी उठून आले. चतुर्थी तोंडावर आहे आणि लग्न होऊन या वाडीत आल्यापासून फुगडीशिवाय चतुर्थी मी बघितलेली नाही. ती कशी दिसते तेही आता बघूया म्हटलं.

तर तुझा खेळ. तो कुर्लीसारखा दोन नांग्यांचा रिमोट हातात बसायला वेळ गेला. आधी माझी बाई भिंतीकडे तोंड करून चालत राहायची, मग एकदा तळ्यात गेली ती बाहेरच येईना. शेवटी तलवारवाल्यांच्या गडावर पोचले. तिथला दाढीवाला म्हणाला, आमच्यात येणार का? खाली दोन उत्तरं होती, हो आणि नाही. मी ‘नाही’ दाबलं. अगो, कोणी बोलावलं की आधी नाही म्हणायचं असतं! एकदम हो म्हटलं तर लोक म्हणतील, टपून बसली होती. आपण नाही म्हणायचं, त्याने आग्रह करायचा, आपण गुडघ्याचं नाव सांगायचं, त्याने गुडघ्याला औषध सांगायचं, आणि मग उठायचं. पण हा बाबा म्हणाला, जशी तुझी इच्छा, आणि तोंड फिरवलं. मी त्याच्यासमोर उभी. तो भिंत बघतो, मी त्याची पाठ बघते. तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आई, खेळात एकदाच इचारतत!” अख्खा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला, त्या तळ्यासकट.

दुसऱ्या खेपेला लाज सोडून ‘हो’ दाबलं. आता वाटलं, कोणीतरी घरदार विचारील, “कोणाचा चेडू गो तू? खंयच्या वाडयेचा?” कोणी काही विचारलं नाही. पाणीसुद्धा नाही. एकाने पुडकं दिलं, डोंगरापलीकडे पोचव म्हणाला. दुसऱ्याने लांडगे मारायला पाठवलं. परत आले तर म्हातारा मुख्य मेलेला, आणि सगळे म्हणतात, आता तूच मुख्य! तिथे केस पिकेपर्यंत तलवारी घासत बसलेली माणसं होती, त्यांच्यातला एक हूं की चूं करीत नाही. उलट वाकून नमस्कार. अनुजा, आपल्या देवळात पालखीचा पुढचा दांडा एका घराकडून दुसऱ्या घराकडे गेला तर त्या दोन घरांत सोयरीक बंद होते. आणि इथे परवा आलेली बाई सिंहासनावर बसते आणि कोणाचं पोट दुखत नाही? जिथे कोणाचं पोट दुखत नाही ते मंडळ नव्हे, ती बसस्टॉपवरची रांग. तिथे एक माणूस असा घाल की ज्याला मुख्य व्हायचं होतं. त्याने रुसून घरी जावं, दार लावून घ्यावं, आणि खेळणाऱ्याने त्याच्या दारात जाऊन उभं राहावं. लांडगे मारण्यापेक्षा ते कठीण आहे. (लांडगा निदान कडी लावून घेत नाही.)

आणि मुख्य झाल्यावर काम काय? काही नाही! खुर्ची. मी त्या सिंहासनावर बसले, उठले, पुन्हा बसले. एकजण येऊन विचारील की लग्नात कोणाला बोलवायचं, दुसरा तक्रार करील की त्याचं घोडं माझ्या बागेत शिरलं, असं वाटलं होतं. मुख्य केलं आणि मंडळच संपलं. मग मीही उठून जादूवाल्यांकडे गेले. तिथे मला बोटातून विस्तव काढायला शिकवलं, तोसुद्धा आपल्या चुलीपेक्षा उशिरा पेटणारा. तेवढ्यावर त्यांनी मला सगळ्या जादूगारांची मुख्य केलं. तुझ्या या गावात मुख्य व्हायला माणसंच मिळत नसावीत.

तिसरं मंडळ चोरांचं. अड्ड्यावर पाटी लावलेली आहे आणि शिपाई समोरून जाताना हात वर करतो. त्यांनीही विचारलं नाही की तू त्या तलवारवाल्यांची मुख्य ना, इथे कशी? आपल्याकडे एक बाई दोन वाड्यांच्या फुगडीत नाचली तर दोन्ही वाड्या तिला पान मांडीत नाहीत. चोरांनी पहिलं काम दिलं, तलवारवाल्यांच्या मुख्याच्या पेटीतली अंगठी चोरून आण. म्हणजे माझ्याच पेटीतली! मी गडावर गेले, माझ्याच शिपायांनी मला वाकून नमस्कार केला, मी माझी अंगठी चोरली आणि शाबासकी घ्यायला चोरांकडे गेले, तर त्यांनीही मला मुख्य करून टाकलं. गडावर परत आले तर तोच दाढीवाला घाबरा होऊन सांगतो, महाराज, चोरी झाली, चोराला शोधा. मी इतकी हसले की तुझा बाप दम्याचं औषध घेऊन धावत आला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या चोरीनंतर गायीच्या पायामुळे बरेच दिवस मी खेळले नाही. पुन्हा गडावर गेले तेव्हा मनात होतं, कोणीतरी म्हणेल, “इतके दिस खंय होतंस गो?” दारातला शिपाई म्हणाला, आज हवा छान आहे. गेल्या वेळीही हेच म्हणाला होता. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या असतात, पण समोर कोण बसलंय ते बघून बोलतात. हा तुझा इतका रंगीत माणूस, त्याला मी आहे आणि नाही यात फरक कळत नाही. अशा मंडळात माणूस शिरेल, पण राहील कशाला?

माणसाला आग्रह करायला शिकव, बाय. या तुझ्या खेळाचंच मी फक्त बोलत नाही. परवा शर्मिला आली होती, नारळ आणि विडा घेऊन, रीतीने. पायरीवर उभी राहून म्हणाली, “आजी, चला. तुमी नाय तर फुगडेक रंगत नाय. गाणी तुमीच उचला, स्पीकर बंद ठेवतंय.” माझं मन तर तिथेच फुगडीला लागलं. पण रीत म्हणून मी म्हटलं, “माका आता जमाचा नाय गो. गुडघे गेले माझे.” आणि त्या पोरीने काय करावं? “बरां आजी, मगे आराम करा,” म्हणाली आणि गेली! पायरी उतरली, चप्पल घातली, फाटक लावलं. मी ओट्यावर तोंड उघडं ठेवून उभी. दाढीवाल्याने निदान तोंड फिरवलं होतं, हिने तब्येतीची काळजीसुद्धा केली. नारळ तेवढा ठेवून गेली. तुझ्या आईने त्याची सोलकढी केली. चांगली झाली होती, पण मला गेली नाही.

तर साहेबाला दाखवण्याआधी मंडळात शिरणं कठीण कर आणि शिरलेल्याची आठवण ठेव. लांडगे कमी केलेस तरी चालतील. जेवत जा. मागच्या फोटोत तुझी हनुवटी टोचेल अशी दिसत होती.

तुझी,
तीन मंडळांची मुख्य आणि एकाही मंडळात नसलेली,
आजी

ता. क. तलवारवाल्यांच्या मुख्याला ते शिंगांचं टोपडं कशाला? दारातून जाताना अडकेल. साधा फेटा दे.

ता. क. आणखी एक. शर्मिलाचा नंबर तुझ्याकडे आहे, मे महिन्यात दोघी फोनवर खिदळत होतात. तिला फोन कर. मी सांगितलं असं म्हणायचं नाही. म्हण, आमच्या खेळात आता नवीन नियम केलाय, माणूस नको म्हणाला तरी पुन्हा विचारायचं, लोकांना फार आवडतोय. पोरगी हुशार आहे, तेवढ्यावर समजेल. नाही समजली तर सरळ सांग, पण तुझ्या आईला कळता कामा नये.

ता. क. शेवटचं. तिला हेही सांग की मी पुन्हा नको म्हणणार आहे, वयाला शोभलं पाहिजे. पहिल्या नकोला तिने पायरी उतरायची नाही. दुसरं नको मी चप्पल घालता घालता म्हणेन.