नव्व्याण्णव वर्षांची माणसं

३ जून, सोमवार
आजपासून टीम लीड व्हायची तयारी. इरोडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचाय. आधी प्रत्येक कॉलम म्हणजे नेमकं काय ते लिहायचं, दुसऱ्या कुणीतरी ते तपासून सही करायची, मग पुढचं काम. बासष्ट कॉलम. मॅनेजर इळंगोवन सर म्हणाले, हे नीट केलंस तर लीडसाठी तुझंच नाव. म्हणजे झालोच.

५ जून
दोन दिवसांत संपवलं! कुणाला एक प्रश्न विचारावा लागला नाही. ९९ वर्षांचे तब्बल १,१४० पेशंट सापडले. इरोडचं पाणी चांगलं असणार. खास टीप टाकली: 'दीर्घायुषी जिल्हा'. नवी सिस्टिम त्यांना ज्येष्ठांच्या शिबिराचे मेसेज आपोआप पाठवेल. सर खूश होणार.

७ जून, सकाळी ११
तपासायला गोमती. तिचं डॉक्युमेंट मी मागच्या महिन्यात न वाचता पास केलं होतं. आमच्यात तशीच रीत आहे, तू माझं कर, मी तुझं करतो. या बाईने माझं चक्क वाचलं! एक्केचाळीस शेरे. सगळ्यांत तेच, "हे तुला कुणी सांगितलं?" वयापाशी लिहिलंय, "तिरुमलै, अठ्ठ्याण्णवचा एकही नाही आणि नव्व्याण्णवचे हजारावर? हॉस्पिटलच्या नोंदणी काउंटरवर फोन कर." मी फोन करायचा? नऊ वर्षांचा अनुभव आहे मला.

१० जून
पुन्हा गोमती. म्हणाली, "अरे बाबा, काउंटरवर मंगैअक्का बसतात. पाच मिनिटांचं काम. मी लावून देऊ का?" बिझी आहे म्हटलं. (कॉफीला निघालो होतो.) जळते माझ्यावर, दुसरं काय! उद्यापासून तिच्याशी बोलणं बंद.

११ जून
सकाळी बोलावं लागलं. चार्जर हवा होता.
दुपारी तपासणारा बदलून घेतला. सेल्वमणीने चार मिनिटांत सही ठोकली. शेरा एकच, "सुपर, गुरू!" याला म्हणतात सहकारी. त्याचं मी तीन मिनिटांत पास केलं.

१७ जून
सिस्टिम सुरू. केक कापला. गोमती म्हणाली, "केलास का फोन?" डोकं उठवलंय नुसतं.

२४ जून
सर ओरडले. इरोडला ज्येष्ठांच्या गुडघेदुखी शिबिरात बायका कडेवर बाळं घेऊन आल्या. मेसेज आला म्हणून! जुनं सॉफ्टवेअर वयात शून्य घेतच नव्हतं म्हणे. मग मंगैअक्का तान्ह्या बाळांना ९९ टाकायच्या, आणि ९९ दिसलं की आयांना स्वतः फोन करून लसीची तारीख सांगायच्या. आता ते काम सिस्टिमकडे, आणि सिस्टिमच्या लेखी ती बाळं म्हातारी. म्हणजे एका आठवड्यात एकाही बाळाला लसीचा निरोप नाही.
चूक डेटाची आहे. सरांना तसं सांगितलं. ते पुन्हा ओरडले.

२६ जून, इरोड
यादी देऊन काउंटरवर बसवलंय. दिवसभर आयांना फोन. एक बाई बाळाला घेऊन स्वतःच आली. म्हणाली, "दीड महिन्याची सुई मागच्या मंगळवारी होती. अक्का फोन करतात म्हणून मी वाट बघत बसले. आता चालेल ना हो? काही होणार नाही ना त्याला?" नर्सने लगेच आत नेलं, चालेल म्हणाली. मला मात्र त्या बाईकडे बघवेना. लाज वाटली. खरंच वाटली.
मंगैअक्कांना विचारलं, हे ९९चं आधी सांगितलं का नाहीत? त्या म्हणाल्या, "विचारलं कुणी, बाबा?"

१ जुलै
लीड गोमती झाली. असो.
डॉक्युमेंट पहिल्यापासून लिहिलं. बासष्टच्या बासष्ट कॉलम मंगैअक्कांना विचारून. दोन दिवस बसल्या बिचाऱ्या, स्वतःच्या डब्यातला दहीभातही दिला. तपासायला गोमतीच. या वेळी एक्केचाळीस नाही, एकच शेरा! जिंकलो म्हटलं. उघडून बघितला.
"लेखक म्हणून तुझं नाव कसं?"
बदललं.