समन्वयकाच्या सहीवाचून

दिनांक : १९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, आष्टी, जि. बीड.

विषय : पाणी संवाद समितीच्या समन्वयक सौ. सुकन्या यांची समक्ष भेट घेणेबाबत.
संदर्भ : समिती चालविणाऱ्या संस्थेचे उत्तर, "तक्रार समन्वयकामार्फत यावी."

महोदय,

१. "मेहेक, दुसऱ्याच्या सुनंला चारचौघांत बोलाया लावू नको. तू उठून घरी येशील, ती कुठं जाईल?" असे अर्जदाराच्या सासूबाई फरीदा यांनी बजावले होते. अर्जदार बी.ए. झालेली. तिने ते हसण्यावारी नेले व शेजारच्या सुकन्याला हाताला धरून संस्थेच्या संवाद बैठकीस नेले. गावातूनच नेतृत्व घडावे, असा बैठकीचा हेतू होता.

२. नियम असा, की सर्वांनी गोल बसायचे व हरकत नसेल त्याने गप्प राहायचे. सुकन्याचे सासरे बद्रीनाथराव समोरच होते. सासऱ्यापुढे आमच्याकडे सुना पदर ओढून गप्पच बसतात. संस्थेच्या ताईंनी ती संमती धरली आणि तिला समन्वयक नेमले. पुढच्या बैठकीत तिलाच पहिले विचारले, पाण्याचा टँकर आधी कोणाच्या दारात थांबतो? मग पदराआडून ती म्हणाली, "आमच्याच. हौद भरल्याबिगर पुढं जात न्हाई." टाळ्या झाल्या. बद्रीनाथरावांनीही वाजवल्या.

३. तेव्हापासून सुकन्या कोणाला दिसलेली नाही. नवरा अंगद ट्रकवर परराज्यात आहे, त्याचा फोन लागत नाही. विचारले तर बद्रीनाथराव हसतात, "म्याडम माहेरी गेल्यात. पुढारी मानूस, दौरे असत्यात." परंतु तिची लेक संस्कृती अर्जदाराचा मुलगा फराज याच्यासोबत अंगणवाडीत येते, विस्कटलेल्या केसांनी. लेक मागे ठेवून सुकन्या कधी माहेरी गेलेली नाही. काल संस्कृती फराजला सांगत होती, "आई माडीवर हाय. तिच्यासंग बोलायचं न्हाई."

४. संस्थेस कळविले असता उत्तर आले, की तक्रारीवर समन्वयकाची सही हवी. समन्वयक उपलब्ध नसल्यास तसे समन्वयकानेच लेखी कळवावे. अर्जदार सहीसाठी त्या दारात गेली. बद्रीनाथराव म्हणाले, "द्या हिकडं, मी आनतो सही करून." अर्जदाराने कागद दिला नाही.

तरी विनंती, की संस्थेस अथवा सरपंचांस आगाऊ न कळविता, घरातल्या छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंना सोबत घेऊन आपण स्वतः यावे. ओसरीवर चहा पुढे येईल, त्यात अडकू नये. आधी माडीवर जावे. सासरे खाली असताना सुकन्याला एकटीला भेटावे आणि ती धड आहे, पोटभर जेवते आहे, एवढे आपल्या डोळ्यांनी पाहून यावे.

आपल्या येण्याकडे डोळे लावून असलेली,
सौ. मेहेक कलीम तांबोळी
रा. कडा, ता. आष्टी