शिंगांच्या रंगाचं घर

मी, सयाजी दत्तू चौगले, वय ५४, व्यवसाय संस्कृत शिकवणे, राहणार कळंबा, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना (पत्नी सध्या माहेरी आहे) माझ्या माघारीची व्यवस्था लिहून ठेवतो. हृदयाच्या डॉक्टरांनी तशी सूचना केली आहे.

आधी एक तक्रार नोंदवतो. दारावर 'प्रसादः' अशी विसर्गासह संगमरवरी पाटी मी पदरमोड करून लावली. ती आजवर कोणी वाचलेली नाही. रिक्षावाल्याला 'मोरपंखी घर' सांगितलं की पुरतं. वर तो आरशातून माझ्याकडे निरखून पाहतो.

१. सदर घर, आतल्या सामानासह, पत्नी सौ. तानाबाई हिच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. तिच्या हयातीत तिच्या इच्छेविरुद्ध भिंतींना दुसरा रंग लागू नये.

कारण नमूद करतो. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी निवडलेल्या साड्यासुद्धा ती नेसली, यावरून तिची सहनशक्ती ध्यानात यावी. २००० साली घर रंगवायचं ठरलं. मी हस्तिदंती म्हणालो. ती आत गेली आणि एक लहानसा डबा घेऊन आली. मलकापूरला तिच्या भावाकडे, आकारामकडे, बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग होता तो.

"ह्यो पायजे," म्हणाली.

दुकानदाराने डब्याबरहुकूम रंग बनवून दिला. शिंगांवर तो शोभतो, यात वाद नाही. भिंतींवर आल्यावर मात्र समोरच्यांनी दुपारच्या खिडक्या लावून घेतल्या. रंगारी कृष्णात शिडीवरून म्हणाला, "सर, घर झालं की. आता बैल कुठं बांधायचा?"

"शिडी धरून उभा आहे तो," मी म्हणालो.

तानाबाई मात्र दिवे लागेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभी राहून घर बघत होती. तिला तसं उभं राहिलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

२. माझे संस्कृत ग्रंथ शाळेस द्यावेत. शाळा नको म्हणेल. पुन्हा द्यावेत.

३. स्कूटर कन्या श्रुती हिला. ती चालू करण्यापूर्वी डावीकडे कलती करावी लागते, हे जावईबापूंना सांगू नये.

४. चि. सूरज, मुक्काम पुणे, यास माझे घड्याळ व आशीर्वाद. गेल्या दिवाळीत हा घरात काळा चष्मा लावून जेवला. तेवढ्यावर न थांबता रंगांचं कार्ड आणून त्यातल्या पांढरट चौकोनावर खूण केली. घर विकायचं झालं तर या रंगाला गिऱ्हाईक मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं. रंगाचा हा गुण माझ्या लक्षात आला नव्हता. त्याबद्दल त्याचे आभार.

५. त्याच जेवणात तो आईला म्हणाला, "आण्णांच्या माघारी तू पुण्यालाच यायचं. हे घर काढून टाकू." पोरगा वाईट नाही, मायेनंच बोलला. तिने मान डोलावली आणि त्याला भात वाढला.

घर तिच्या नावावर करणं माझ्या हातात आहे, ते मी केलं. पण मी नसताना तिला पोटच्या पोराला नाही म्हणता येईल का, हे मला माहीत नाही. मला त्याचीच काळजी वाटते.

स्थळ: कळंबा, कोल्हापूर
दिनांक: २० जुलै २००३
सही: स. द. चौगले

आमच्यादेखत सही केली:
१. भाऊसो रामू खाडे, निवृत्त शिक्षक
२. कृष्णात बापू लोहार, रंगारी