सात मिनिटं आधीचा सूर्य

४ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांची पट्टी निघाली का? दादा लिहीत नाही, वहिनीही लिहीत नाही. तुम्ही जानेवारीत दादाकडे गेलात तेव्हा दोन महिन्यांत परत येतो म्हणाला होतात. जून लागला.

इकडे सगळं ठीक, असं लिहून मी ते खोडलं आहे. वहिनी वाचून दाखवताना सांगेलच, म्हणून आधीच कबूल करते. सूर्यावरच्या भडक्यांच्या नोंदी जमवणाऱ्या निरीक्षक मंडळाचं पत्र आलं आहे. फेब्रुवारीअखेरपासून आपल्या सगळ्या नोंदी इतर निरीक्षकांच्या सात मिनिटं आधीच्या आहेत. ३० जूनपर्यंत कारण कळवलं नाही तर आपला क्रमांक रद्द होईल, आणि तुमच्या बावीस वर्षांच्या नोंदींवरही ‘वेळ संशयास्पद’ असा शेरा पडेल.

मला शाळेत घालायच्या आधी तुम्ही शिकवलेलं वाक्य मी अजून तसंच म्हणते. सूर्यावर भडका उडाला की वरच्या हवेतला विजेचा थर घट्ट होतो, लांबच्या प्रसारण केंद्राचा सूर त्याच्यावरून जोरात परततो, आणि आपली रेघ उडी मारते. रेघ उड्या बरोबर मारते आहे. चुकते आहे ती वेळ, आणि वेळ मी लिहिते.

माळ्यावरच्या चौकटीवरचे तारेचे वेढे दोनदा मोजले. साठ आहेत. रिसीव्हरचे सांधे तपासले. कागदाची गुंडाळी फिरवणारी मोटर दिवसभर समोर बसून पाहिली. काकू म्हणाली, मोटरला नजर लागेल, खाली ये. रोज सकाळी आठला भिंतीवरचं घड्याळ बघून, सात मिनिटं वजा करून, गुंडाळीवर खूण करते, तुम्ही करायचात तशीच. माझं कुठे चुकलं ते सांगा. तुमची बावीस वर्षं माझ्या हातून जायला नकोत.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
खोडरबर

११ जून

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. चुका तिच्या, खोचकपणा माझा. ती मान हलवते आहे, पण लिहिते आहे.

सूर्याचा प्रकाश इथवर यायला आठ मिनिटं घेतो. तुझ्याकडे तो एका मिनिटात हजर! सूर्याने खास तुला आगाऊ खबर द्यायचं ठरवलं असेल तर मंडळाला तसं कळव. नाहीतर डोकं चालव. सगळं सात मिनिटांनीच चुकत असेल, एकदाही सहा नाही की आठ नाही, तर तारेचे वेढे काय मोजतेस? तार इतकी शिस्तीची नसते. इतकी शिस्त फक्त माणसाच्या चुकीला असते.

मी कामावर उशिरा जायचो म्हणून तुझ्या काकूने लग्नाच्या पहिल्या वर्षी ते घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. मला ते ठाऊक होतं, मी ठाऊक असल्याचं तिला ठाऊक होतं, आणि मी तरीही उशिराच जायचो. तुला सात वजा करायला शिकवलं. घड्याळ अजून सात पुढे आहे की नाही, ते बघायला शिकवलं नाही. ही चूक माझी.

प्रसारण केंद्र दर गुरुवारी नऊच्या ठोक्याला दुरुस्तीसाठी बंद होतं. त्या वेळी रेघ खाली पडते. ती कितीला पडते आहे ते बघ. आणि काकूला विचार, पण उलटतपासणी घेऊ नकोस.

आहेस तशीच राहा, थोडं कमी खोडून.

काका

१८ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

घड्याळ बरोबर चालतं आहे. म्हणजे तीच चूक.

गुरुवारी रेघ आठ त्रेपन्नला पडते आहे. मार्चपासून मी हे बघत होते, आणि केंद्राने वेळ बदलली असेल असं मनाशी ठरवून मोकळी झाले होते. स्वतःवर सोडून सगळ्यांवर संशय घेतला. हे खोडत नाही, राहू दे.

काकूला नुसतं विचारलं. ती काजं करत होती, मान वर केली नाही. म्हणाली, हो, केलं बरोबर, ते गेले त्याच दिवशी. घरात उशीर करणारं माणूसच उरलं नाही, उगाच कशाला खोटी वेळ बघायची? मग म्हणाली, तुझ्या त्या रेघोट्यांना माझं घड्याळ लागतं हे मला काय ठाऊक.

पण काका, तो दिवस जुळत नाही. मंडळाला नेमकी तारीख हवी, म्हणून मी जानेवारीपासूनच्या गुंडाळ्या उलगडल्या. गुरुवारांवरून आठवडा सापडला. दिवस सापडला सूर्योदयावरून. उजाडताना रेघ जी खोच काढते ती रोज मिनिटभरसुद्धा सरकत नाही. २० फेब्रुवारीला ती एकदम सात मिनिटं सरकली आहे. म्हणजे काकूने घड्याळ १९ तारखेला, माझी सकाळची खूण झाल्यावर बरोबर केलं. तुम्ही गेलात ६ जानेवारीला.

मी आवक-जावकची वही ठेवते. १९ फेब्रुवारीला एकच नोंद आहे: दादाचं पत्र, काकूच्या नावे, जाड. ते शिलाई मशीनच्या खणात आहे. मी उघडलेलं नाही. तुम्हालाच विचारते. त्यात काय होतं?

मंडळाला तारखेसकट खुलासा आजच टाकते आहे.

उत्तराची वाट बघणारी,
खोडरबर

२४ जून

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

तुला तारखा शोधायला शिकवलं, आता तक्रार कुणाकडे करू?

दोन्ही डोळे गेले. फेब्रुवारीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इथे रोजचे उपचार आहेत, जिने नाहीत, म्हणून इथेच राहायचं ठरलं. दिवाळखोर डोळ्यांनी तुमच्या माळ्याची शिडी चढण्यात अर्थ नाही. शिवणाचे वर्ग मार्गी लावून काकू पुढच्या वर्षी इकडे येईल. तुला सांगू नका असं मीच म्हटलं. तीन महिने तरी नोंदी तू एकटीने, न घाबरता कराव्यास एवढाच हेतू. तू घाबरायचीच होतीस हे मी विसरलो. काकूला बोल लावू नकोस. तिने तोंड मिटलं आणि घड्याळ बरोबर केलं, बस.

अहवालावर ‘काकांच्या वतीने’ लिहिणं आता बंद. रेघ बघतं त्याचं नाव. मला मात्र दर भडक्याला लिहीत जा: रेघ किती चढली, कशी उतरली. आकडे नकोत, आकार सांग.

वहिनी अर्ध्यात थांबली होती. आता ठीक आहे.

काका

९ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मंडळाचं उत्तर आलं. खुलासा मान्य. १९ फेब्रुवारीनंतरच्या तेवीस नोंदी सात मिनिटं पुढे सरकवल्या. तुमच्या बावीस वर्षांवर शेरा नाही. क्रमांक कायम. निरीक्षकाच्या जागी माझं नाव लिहिलं, आणि खोडलं नाही.

परवा दुपारी मोठा भडका होता. रेघ उभी चढली, भिंतीला शिडी लावावी तशी. मग उतरली हळूहळू, तासभर, एखादा म्हातारा माणूस घाई नसताना जिना उतरतो तशी. मी शेवटपर्यंत बसून होते. जेवायचं राहिलं. काकूने खालून तीनदा हाक मारली म्हणे.

काल सकाळी खूण करायला गेले तर घड्याळ सात मिनिटं पुढे. या वेळी मी आधी तारीख टिपून ठेवली, मग काकूला विचारलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, मग काय करू, घरात पुन्हा उशीर करणारं माणूस झालंय.

तुमची,
खोडरबर