दारापासून डॉक्टरपर्यंत

बुध., २८ जाने.
आज परत हॉस्पिटलात, कामावर. बाबांचं तेरावं परवा झालं. सगळे म्हणाले, अजून थोडी रजा घे. घेऊन काय करू? इमर्जन्सीचे परीख सर टेबलाशी येऊन उभे राहिले. "हिंमत राखजो, मीनलबेन." आणि त्याच दमात, "जान्युआरीनो रिपोर्ट क्यारे आपशो?" रिपोर्ट कधी देणार, एवढंच. खरं सांगायचं तर बरं वाटलं. सांत्वनाला काय उत्तर द्यायचं ते कळत नाही, रिपोर्टला कळतं.
हॉस्पिटलला दर्जाचा दाखला देणारे मानांकनवाले सोमवारी, ९ तारखेला येणार. त्यांना एकच आकडा आधी बघायचा असतो: पेशंट दारात आल्यापासून डॉक्टरने तपासेपर्यंत किती मिनिटं. गेली कित्येक वर्षं मी हेच मोजते. पंगतीतसुद्धा पान मांडल्यापासून वरण येईपर्यंत मोजते, असं अजय चिडवतो.
रडू येत नाही. येईल म्हणतात.

गुरु., २९ जाने.
रजिस्टर उघडलं. १ ते १३ तारखेच्या ओळी तपासून झाल्या. १४ ला थांबले. कँटीनमध्ये जाऊन खिचडी खाल्ली. चव होती की नव्हती आठवत नाही. परत आल्यावर दुसरंच काम घेतलं.

शनि., ३१ जाने.
१४ जाने. उत्तरायण, पतंगांचा दिवस. मांजाने चिरलेले गळे, गच्चीवरून पडलेले, तोंडावर रुमाल धरून आलेले. पानभर तेच. मधेच बाबांची ओळ. वय ७१, छातीत जड वाटणे. आगमन ११.५२. डॉक्टर ११.५८.
सहा मिनिटं.
मला माहीत होतं. त्याच दिवशी पाहिलं होतं. दादा पुण्याहून आला तो चपला काढता काढताच म्हणाला, "किती वेळ लावला त्यांनी?" मी म्हणाले, सहा मिनिटं. सगळे नातेवाईक बसले होते. कोणी तरी म्हणालं, लेकीचं हॉस्पिटल म्हणून तरी एवढं झालं. आई भिंतीला टेकून बसली होती. काही बोलली नाही.
सहा म्हणजे आमच्या तक्त्यात हिरवं. ओळ हिरवी करून पुढे गेले.

रवि., १ फेब्रु.
आईकडे, दांडिया बाजारात. हल्ली इथेच झोपते. अजय आमच्या घरी एकटाच, रविवारचा येऊन जातो.
लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.
गेल्या वर्षी आकडे लाल यायचे. सर म्हणाले, कांइक करो. डॉक्टर वाढणार नव्हते, खाटा वाढणार नव्हत्या. मग मी परिपत्रक काढलं: गर्दी होऊ नये म्हणून केस पेपर बेड मोकळा झाल्यावरच काढावा. आगमनाची वेळ म्हणजे केस पेपरची वेळ. महिन्याभरात सगळं हिरवं. पेशंट तेच, खुर्च्या त्याच, नुसतं घड्याळ उशिरा चालू केलं. सगळ्यांना पेढे वाटले होते. मीही खाल्ला.
मला कळत नव्हतं असं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच.
"छातीत दुखणारे सोडून" असं एक वाक्य त्यात घालायचं होतं. म्हटलं, ते काय सांगायला हवं, सगळ्यांना कळतंच. घातलं नाही.

मंगळ., ३ फेब्रु.
जागृतीबेनला गाठलं. त्या दिवशी इमर्जन्सीत तीच सिस्टर होती. बाबा खुर्चीवर किती वेळ होते? तिला माहीत नाही. डॉक्टर एका पोराचा गळा शिवत होते, ती लाईट धरून उभी. दारावरच्या वॉचमनने चालत येणाऱ्यांना बसवून ठेवलं होतं, रांगेने. बाबा चालत आले होते.
मग हळूच म्हणाली, "तमे ज कह्युं हतुं ने, बेन. बेड खाली थाय पछी ज पेपर." तुम्हीच सांगितलं होतं, हे रागाने नाही म्हणाली. डोळे भरले तिचे. मीच तिला पाणी आणून दिलं.
कॅमेऱ्याचं विचारलं. पंधरा दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. हा नियम तरी माझा नाही.

बुध., ४ फेब्रु.
फोन काढून बघितला. इतके दिवस बघितला नव्हता. आईचा कॉल, १४ जाने., ११.२३. म्हणजे केस पेपरच्या आधी एकोणतीस मिनिटं.
मी सावली गावी, सासरी, गच्चीवर. चहूकडे पिपाण्या. एका कानात बोट घालून बोलत होते.
आई: अगं, बसा म्हणतात नुसतं. कागद आत्ता काढत नाहीत म्हणतात.
मी: बेड झाला की काढतात. तसंच असतं तिथे.
आई: तू कुणाला तरी सांगून बघ ना.
मी: माझे वडील म्हणून मधे घुसवायचे का? बरं दिसत नाही ते. चालत आले ना?
आई: चालत आले. पण जड वाटतंय म्हणतात.
मी: मग बसा. घेतील.
शब्द न् शब्द आठवतो. ठेवल्यावर मी तिळाची चिक्की खाल्ली. साडेबाराला गेले बाबा.
स्वतःची लाज वाटते. दुःख म्हणतात ते कुठे आहे माहीत नाही, लाज मात्र नक्की वाटते.

शुक्र., ६ फेब्रु.
आईला आज विचारलं. सकाळी, तिचा जप व्हायच्या आधी. त्या दिवशी तुम्ही पोचल्यावर किती वेळाने मला फोन केलास?
"एक माळ झाली, मग केला."
म्हणजे किती?
"एक माळ म्हणजे एक माळ. मी काय घड्याळ बघत होते? ह्यांचा हात धरला होता एका हातात."
ती जपाला बसली. मी पाठीमागे फोनवर वेळ लावली. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. दुसरी माळ नऊ पंचेचाळीस. आमच्या डॉक्टरांची, सिस्टरांची, वॉचमनची घड्याळं कधी जुळलेली मी पाहिली नाहीत. आईची माळ पाच सेकंदांनी हलली.
दहा धरू. दहा अधिक एकोणतीस. त्यावर रजिस्टरातले सहा. पंचेचाळीस मिनिटं, दारापासून डॉक्टरपर्यंत. आमच्या तक्त्यात एवढ्या वेळेला वेगळा रंगच नाही, तीसच्या पुढे सगळं लाल.
विचारलं, दादाला मी सहा मिनिटं सांगितली तेव्हा तू बोलली का नाहीस?
"चारचौघांत तुला खोटी पाडू?"

शनि., ७ फेब्रु.
परीख सरांना सांगितलं. बाबांची ओळ बदलायची आहे, आगमन ११.१३. आधार काय, विचारलं. म्हटलं, फोनची नोंद आणि आईचा जप. हसले नाहीत, हे त्यांचं बरं.
"एक दर्दी माटे आखो रिपोर्ट केम बगाडो छो?"
एका पेशंटपायी नाही, म्हटलं. सगळ्या ओळी तशाच आहेत. वर्षभराच्या. खुर्चीवर कोण किती बसलं, कुठेच लिहिलेलं नाही.
मग, माणूस भला आहे म्हणून सावकाश, म्हणाले, "सही तो तमारी छे ने, मीनलबेन." परिपत्रकावर. हो. माझीच. सोमवार होऊन जाऊ दे, मग गुपचूप बदलू, असंही म्हणाले. सोमवार झाला की हिरवा दाखला भिंतीवर लागेल. मग कोण बदलतंय?
तोवर आज खुर्च्यांवर नऊ माणसं होती. एक म्हातारी पोट धरून वाकलेली. वॉचमनला म्हटलं, हिला आत घे. तो म्हणाला, पेपर नाही बेन. मी स्वतः हात धरून नेलं. जागृतीबेनने काही न विचारता पडदा सरकवला. एकीला नेलं. आठ राहिले.

रवि., ८ फेब्रु.
पत्र लिहिलं. ट्रस्टींना, सरांना, आणि मानांकनवाल्यांना प्रत. परिपत्रक रद्द करावं. केस पेपर दारातच काढावा. छातीत दुखणाऱ्याला कुठलीही रांग नाही. वर्षभराचे आकडे खरे धरू नयेत, ते तसे येतील अशी व्यवस्था मी केली होती. उदाहरण म्हणून बाबांची ओळ, दोन्ही वेळा. नोकरी बहुधा जाईल. अजय म्हणाला, जाऊ दे. पटकन म्हणाला, बहुतेक तयारी करून आला होता.
आईला वाचून दाखवलं. मेथी निवडत होती. पूर्ण ऐकलं, मधे एकदाही थांबवलं नाही.
मग म्हणाली, "सगळं आलं. तू फोनवर बसा म्हणालीस, ते नाही आलं."
मी म्हटलं, ते कामकाजाच्या पत्रात कसं लिहिणार?
"मी त्या दिवशी उठून ओरडणार होते तिथे. वॉचमनला ढकलून आत नेणार होते ह्यांना. तुझा फोन झाला आणि खाली बसले. ह्यांना सांगितलं, मीनल म्हणते बसा. तर हे म्हणाले, मग बसू या. तिचंच तर काम आहे ते, तिला माहीत."
हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं नाही. ती मेथी धुवायला उठली.
पत्राच्या शेवटी फोनवरच्या त्या 'बसा'ची एक ओळ वाढवली. मग खोडली. परत लिहिली आहे. अजून पाठवलेलं नाही. मानांकनवाले उद्या नऊला येतात.